सुक्या बाभळीच्या सरपणासाठी ४५ ते ६० सीसीचा चेनसॉ: कुठला घ्यावा?

माळरान_सोलापूर

नमस्कार मंडळी. बांधावरच्या वेड्या बाभळी आणि काही वठलेल्या देशी बाभळी काढायच्या आहेत. खोडं ८ ते १४ इंच, बुंध्याशी एखादं १६ इंचाचं. वर्षाला आठ-दहा टन लाकूड निघेल. घरचा बंब आणि चूल भागून उरलेलं हलवायाच्या भट्टीला जाईल. तीन मशीन डोळ्यांसमोर आहेत:

स्टिल एमएस २५०
हस्क्वर्ना ४५०
बिनब्रँडची ५८ सीसी, २२ इंच बारवाली (बार म्हणजे जिच्यावर चेन फिरते ती पट्टी)

तिसरी बरीच स्वस्त आहे आणि सीसीही जास्त. मग पहिल्या दोनवर पैसे का घालायचे? बार किती इंचाचा घ्यावा, चेन कुठली लावावी? आणि आता पंपावर इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

कानस_आणि_धार

दादा, आधी आकडे समोर ठेवू. एमएस २५० म्हणजे ४५.४ सीसी, २.३ किलोवॉट, बार-चेन सोडून वजन ४.६ किलो. हस्क्वर्ना ४५० म्हणजे ५०.२ सीसी, २.४ किलोवॉट, वजन पाच किलोच्या आसपास. ताकदीत दोघांत नावालाच फरक आहे. याच गटात एमएस २७१ सुद्धा बघा: ५०.२ सीसी, २.६ किलोवॉट, ५.६ किलो. वजन जास्त, पण हादरे शोषायला तिला हँडलपाशी स्प्रिंग आहेत, एमएस २५० ला रबरी बफर. दिवसभर सुकी बाभूळ कापली की हा फरक मनगटांना कळतो. शिवाय २७१ आणि ४५० या दोन्हींमध्ये न जळलेलं मिश्रण धुराबरोबर बाहेर जाऊ नये अशी रचना आहे, त्यामुळे तेवढ्याच कामाला पेट्रोल कमी लागतं. आठ-दहा टनांच्या कामात ही बचत जाणवते.

५८ सीसीच्या स्टिकरवर जाऊ नका. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) विचारा आणि हिशेब स्वतः करा: बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, मापं सेंटिमीटरमध्ये. बोअर ४५ मिमी आणि स्ट्रोक ३४ मिमी निघाला, तर उत्तर ५४ सीसी येतं, ५८ नाही. विक्रेत्याला ही मापं सांगता येत नसतील, तर पुढे पिस्टन-रिंग मागायला त्याच्याकडेच जावं लागणार आहे, हे लक्षात घ्या.

आता बार. तुमच्या खोडांना १६ इंच पुरतो. लाकडात एका वेळी किती दात रुततात हे खोडाच्या जाडीवर ठरतं, बारच्या लांबीवर नाही. त्यामुळे १० इंचाच्या खोडात २२ इंची बार जास्त काही कापत नाही. उलट जास्तीची चेन नुसती ओढावी लागते, तेल लांबवर पोचत नाही आणि टोक पलीकडच्या मातीत घुसतं. २२ इंची बारवर साधारण ८६ ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) चेन बसते, म्हणजे ४३ दात. १६ इंचीवर ६६ लिंक असतील तर ३३ दात. धार लावायची वेळ आली की हे दहा दात मोजून घ्या! बुंध्याचं १६ इंची खोड दोन्ही बाजूंनी कापा, छोटाच बार पुरतो.

चेनच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. या मशीनांवर सहसा ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन येते. त्यात दोन जाती: चौकोनी कोपऱ्याचे दात आणि गोलसर कोपऱ्याचे दात. चौकोनी कोपरा ओल्या, स्वच्छ लाकडात झपाझप चालतो, पण बांधावरच्या बाभळीच्या सालीत धूळ बसलेली असते, त्यात तो कोपरा लवकर मरतो. गोलसर कोपरा थोडा हळू कापतो, पण धार टिकवतो. तुम्हाला गोलसरच हवा. ओरेगॉनच्या चेनमध्ये २१बीपीएक्स गोलसर आणि २१एलपीएक्स चौकोनी. स्टिलमध्ये आरएम गोलसर, आरएस चौकोनी. दुकानदार वेगवान म्हणून चौकोनीच पुढे करतो, तेव्हा अक्षरं वाचून घ्या.

चेन घेताना बारवर कोरलेले तीन आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून न्या: पिच, खाचेची रुंदी आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. या गटातल्या स्टिलच्या बारची खाच बहुधा १.६ मिमी असते, हस्क्वर्नाची १.३ किंवा १.५. १.६ ची चेन १.५ च्या खाचेत जातच नाही. १.५ ची चेन १.६ मध्ये जाते, पण आत कलते, आणि मग काप तिरका जातो. लोक तासन्‌तास धार लावत बसतात आणि दोष असतो खाचेत.

धारेबद्दल: ०.३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस. कोन एरवी ३० अंश, सुक्या बाभळीसाठी २५ केला तर धार जास्त वेळ तग धरते. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहील अशी धरा आणि ढकलताना कापा, मागे आणताना उचला. प्रत्येक दाताला सारख्याच घासण्या द्या, तीन पुरतात. एका बाजूचे दात लांब आणि दुसरीकडचे आखूड राहिले, की काप एका बाजूला वळतो. सुक्या लाकडात दर टाकीला एकदा कानस फिरवायचीच. ढलप्या पडायच्या बंद होऊन पीठ पडायला लागलं, की धार गेलीच म्हणून समजा. मग दाबून कापण्यात अर्थ नसतो, त्याने बार तापतो आणि क्लच घसरतो.

दाताच्या पुढचा उंचवटा चार-पाच वेळा धार लावून झाल्यावर गेज लावून तपासा. दाताची धार आणि उंचवटा यांच्या उंचीतला ठरलेला फरक ०.६५ मिमी आहे. बाभळीसाठी मी ०.५ च्या जवळ ठेवायला सांगेन. उंचवटा जास्त घासला की दात खोल रुततो, मशीन झटके देते आणि हातातून उसळते.

---

टू_स्ट्रोक_दुरुस्ती

वरचं सगळं बरोबर आहे, मी पेट्रोलकडे वळतो. कारण मशीन जळून वर्कशॉपला येते ती बहुतेक वेळा तिथूनच.

इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. कार्ब्युरेटर जुन्या पेट्रोलवर जुळवलेला असेल आणि तुम्ही २० टक्के इथेनॉलचं भरलं, तर त्याच जेटमधून मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता आणि सिलिंडरला कमी तेल. पिस्टन आधी सायलेन्सरच्या बाजूला ओरखडतो, मग जाम होतो. स्टिलच्या सूचनापुस्तिकेत हाताने जुळवायच्या कार्ब्युरेटरसाठी १० टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल धरलेलं आहे. त्यांच्या एम-ट्रॉनिक मशीन, म्हणजे मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्वतःच जुळवणाऱ्या, २५ टक्क्यांवरही पूर्ण ताकद देतात. त्यामुळे बजेट ताणता येत असेल तर ५०.२ सीसीची, ३ किलोवॉटची एमएस २६१ सी-एम ही या कामासाठी सगळ्यांत मनाजोगती मशीन आहे. वजन ४.९ किलो, म्हणजे २७१ पेक्षा हलकी आणि ताकद जास्त.

दुसरा धोका पावसाळ्यात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी पुरेसं साचलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल वर राहतं. टाकीतला फिल्टर तळाशीच असतो, म्हणजे इंजिनाला विनातेलाचा थर आधी मिळतो. म्हणून:

मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा.
काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.
डबा घट्ट झाकणाचा असावा, पाण्याची बाटली नको.

प्रमाण: चांगल्या टू-टी ऑइलवर, म्हणजे जासो एफडी (जपानी मानक, डब्यावर लिहिलेलं असतं) दर्जाच्या, ५० ला १. लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली. बिनब्रँड मशीनच्या पुस्तिकेत २५ ला १ लिहिलेलं असेल तर तेच पाळा, लिटरला ४० मिली. होडीच्या पाण्याने गार होणाऱ्या इंजिनाचं ऑइल किंवा मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल यात चालत नाही.

स्वस्त मशीन घेतलीच तर निदान या गोष्टी पहिल्या दिवशी करा. इंधनाची नळी आणि टाकीतला फिल्टर बदला. सगळे स्क्रू घट्ट करा, विशेषतः सायलेन्सरचे. आयडलला, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरही, चेन फिरत असेल तर ती थांबेपर्यंत एलए स्क्रू (आयडलचा वेग ठरवणारा) उलटा फिरवा. मग एच स्क्रू (पूर्ण वेगाला इंधन किती जायचं ते ठरवणारा) जुळवा: विनाभार पूर्ण थ्रॉटलला आवाज किंचित फुटका, गुरगुरता यायला हवा आणि लाकडाला लावल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. विनाभारच कर्कश चिरकत असेल तर मिश्रण पातळ आहे. एच स्क्रू थोडा उलटा फिरवा, घाई न करता. हे कान तयार नसतील तर मेकॅनिककडे जा. पण नवीन कुठलीही मशीन असो, पहिल्या तीन टाक्या विनाभार पूर्ण थ्रॉटलला ठेवू नका.

---

माळरान_सोलापूर

खूप आभार. मग ६० सीसीचा गट, म्हणजे एमएस ३६१ सारखी मशीन, जास्तीची ठरेल का? आणि बारला जुनं इंजिन ऑइल घातलं तर चालतं असं गावात सगळे म्हणतात.

---

कानस_आणि_धार

३६१ म्हणजे ५९ सीसी, ३.४ किलोवॉट, ५.६ किलो. १८ ते २० इंची खोडं रोजची असतील तर तीच घ्या. तुमची खोडं १४ इंचाच्या आत आहेत, तिथे तेवढी ताकद कामी येणार नाही.

जुनं ऑइल नको. त्यात धातूचे कण आणि काजळी असते, तेलाचा पंप आणि बारची खाच दोन्ही घासतात. शिवाय ते मातीत आणि तुमच्या कपड्यांवर उडतं. चेन ऑइल चिकट असतं म्हणून टोकापर्यंत टिकतं. ते येतंय का हे बघायचं तर बारचं टोक वर्तमानपत्राच्या कागदापासून वीतभर वर धरून थ्रॉटल द्या, कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. रेघ नाही उमटली तर खाच आणि बारचं तेलाचं भोक साफ करा, बाभळीचा भुसा तिथेच चिकटतो. पेट्रोलची टाकी संपताना तेलाची टाकीही जवळपास संपलेली असावी. बार दर काही दिवसांनी उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. स्प्रॉकेटवरची (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावरची) झीज अर्ध्या मिमीपेक्षा खोल गेली की तो बदला, नाहीतर नवी चेनही लवकर खराब होते.

---

बांधावरचा

मशीनवर बरंच बोलणं झालं, आता लाकडावर. देशी बाभूळ ओली असताना कापा, शक्यतो तोडल्यावर पंधरवड्यात. ओंडके पाडून, फोडून मग वाळवा. वठलेली बाभूळ मशीनला आणि धारेला ओल्यापेक्षा कितीतरी जड जाते. ज्या वठलेल्याच आहेत त्यांना इलाज नाही, पण उभ्या ओल्या झाडांना वाळवून मग कापण्यात काहीच फायदा नाही.

कापायच्या आधी खोडाभोवती काटेरी तार, खिळे, दगड बघा. बांधावरच्या झाडांत जुनी तार लाकडाच्या आत गडप झालेली असते, साल तिथे फुगलेली किंवा काळपट दिसते. तिथून हातभर दूर कापा. वेड्या बाभळीचा बुंधा जमिनीला चिकटून कापू नका. चार-सहा इंच वर कापा आणि खालचा भाग कुऱ्हाडीवर सोडा. एकदा चेन मातीत गेली की सगळे दात परत घासावे लागतात.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरून एक तृतीयांश कापा आणि उरलेलं खालून, म्हणजे बार अडकणार नाही. एकाच टोकाला टेकून दुसरं अधांतरी असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. एक लाकडी पाचर खिशात ठेवा. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू देऊ नका, उसळी तिथूनच बसते. चेन ब्रेक रोज काम सुरू करण्याआधी तपासा. डोळ्यांना जाळीचा नव्हे, काचेचा संरक्षक चष्मा घ्या. बाभळीचा काटा जाळीतून आत येतो. जाड बूट आणि कानांना मफ हवेतच.

आणि एक कायद्याचं. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, साग, खैर, अंजन, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या बांधावर असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. बाभूळ त्यात नाही, पण लाकूड गाडीने भट्टीकडे नेण्याआधी वाहतूक परवान्याचं वनपाल कार्यालयात विचारून घ्या.

---

टू_स्ट्रोक_दुरुस्ती

ओंडके घरी आणून तुकडे करायचे असतील तर त्या कामापुरता २ किलोवॉटचा वीजेवरचा चेनसॉही चालतो, १६ इंची बारचा. ना मिश्रण, ना कार्ब्युरेटर. पण रात्रीच्या लाइनीला व्होल्टेज २०० च्या खाली जात असेल तर तेव्हा चालवू नका, मोटर दमते आणि आर्मेचर जळतं. एक्स्टेंशन २.५ चौरस मिमीच्या तारेचं घ्या, गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा.