विषय: तारापूरच्या काकांना श्रद्धांजली

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे काका राजापूर तालुक्यातील आमच्या गावी निवर्तले, हे आपणांस कळले आहेच. आपली सांत्वनाची पत्रे मी घरच्या सर्वांना ओटीवर वाचून दाखवली. काकांविषयी सविस्तर लिहावे असे अनेकांनी सुचवले, म्हणून गावाहूनच हे पत्र लिहीत आहे.

मुंबईला यांत्रिकी अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून, होमी भाभांनी १९५७ साली सुरू केलेल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) प्रशिक्षण शाळेतून काका बाहेर पडले आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रात रुजू झाले. १९६९ च्या ऑक्टोबरात तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीजनिर्मिती व्यापारी तत्त्वावर सुरू झाली आणि पुढे निवृत्तीपर्यंत त्यांचे आयुष्य त्या भट्ट्यांच्या देखभालीत गेले. या भट्ट्यांत पाणी गाभ्यातच उकळते आणि तीच वाफ थेट टर्बाइनकडे जाते, त्यामुळे वीजनिर्मिती चालू असताना टर्बाइनजवळही किरणोत्सर्ग असतो. त्यातला मोठा वाटा मात्र ज्या नायट्रोजन-१६ चा (नायट्रोजनच्या एका किरणोत्सर्गी प्रकाराचा) असतो, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा होण्याचा काळ, जेमतेम सात सेकंदांचे असल्याने भट्टी बंद केल्यावर तो झपाट्याने ओसरतो. मी शाळेत असताना हे त्यांनी मला एका रात्री जेवताना समजावले होते, आणि हात वाळेपर्यंत आम्ही दोघे पानावरच बसून होतो.

माझे वडील लवकर गेले. काकांनी मला तारापूरच्या वसाहतीत आपल्या दोन मुलींबरोबर वाढवले आणि गावी आजीला दरमहा मनिऑर्डर जात राहील याची काळजी घेतली. इंधन बदलण्यासाठी भट्टी बंद ठेवावी लागे, आणि ते काम गणपतीच्या सुमारास आले की त्यांना गावी जाता येत नसे. ही एकच गोष्ट ते आयुष्यभर मनाला लावून घेत आले. निवृत्तीनंतर ते काकूंना घेऊन कायमचे येथे आले. पुढे काकूंनी अंथरूण धरल्यावर उकड्या तांदळाची पेज करण्यापासून त्यांना कुशीवर वळवण्यापर्यंतची सारी शुश्रूषा त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. बाई ठेवू या म्हटले तर त्यांना ते आवडत नसे.

परंतु मला विशेष सांगायचे आहे ते २०११ सालाविषयी. माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याच्या योजनेने तालुका आधीच ढवळून निघाला होता, आणि त्यातच मार्च महिन्यात जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचा अपघात घडला. देवळाच्या सभामंडपात गावकरी जमले आणि त्यांनी काकांना बोलावून घेतले. फुकुशिमाची पहिली भट्टी आणि मी जेथे नोकरी केली त्या तारापूरच्या भट्ट्या एकाच कुळातल्या आणि एकाच काळातल्या आहेत, हे काकांनी कोणी विचारण्याआधीच सांगितले. भट्टी बंद झाली तरी इंधनातली उष्णता लगेच थांबत नाही, ती सतत काढून घ्यावी लागते, आणि त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रे निकामी झाल्यावर नेमके तेच काम थांबले, हे त्यांनी इतक्या शांतपणे उलगडून सांगितले की विरोधातली मंडळीसुद्धा गप्प राहून ऐकत होती. मग मासे विकणाऱ्या एका आजीने विचारले, की तुमचे गरम पाणी समुद्रात आले म्हणजे आमची मासळी कुठे जाणार? काका म्हणाले की भट्टीच्या उष्णतेचे तीन वाटे केले तर सुमारे दोन वाटे समुद्रात जातात. मासळीचे काय होईल ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, ते मासळीचा अभ्यास करणाऱ्यांनी सांगावे आणि तुमच्या जाळ्यांचा अनुभवही त्यांनी ऐकावा. तो प्रश्न त्यांनी वहीत उतरवून घेतला. अशा दोन वह्या भरल्या आहेत. त्यांच्या बोलण्याने दोन्ही बाजूंची माणसे दुखावली आणि काही घरांनी त्यांच्याशी बोलणे सोडले, तरी त्यांनी आपले उत्तर माणूस पाहून बदलले नाही.

आपला,
(त्यांचा पुतण्या)

उत्तर: तारापूरच्या काकांना श्रद्धांजली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वसाहतीत आम्ही तुमच्या शेजारी राहत होतो आणि तुला मी अर्ध्या चड्डीत पाहिले आहे, म्हणून हक्काने दोन गोष्टी जोडते.

वहिनी टायफॉइडने आजारी होत्या तेव्हा भावोजी पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी दोन्ही मुलींच्या वेण्या घालून देत. वेण्या घट्ट आणि अगदी सारख्या असत. माझी मुलगीही त्यांच्याकडूनच वेणी घालून घ्यायचा हट्ट धरी. कामावर जाताना छातीला किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा बिल्ला लावणारा हा माणूस घरच्या कामातही तेवढाच दक्ष होता. माझे यजमान सांगत, की किरणोत्सर्गाच्या जागी दुरुस्ती करायची असली तर भावोजी आधी बाहेर तशाच नमुन्यावर सगळ्यांकडून तालीम करून घेत, म्हणजे आत घालवायचा वेळ कमी होतो. ज्याची मात्रा मर्यादेजवळ आली असेल त्याला ते आत पाठवीत नसत, मग काम लांबले तरी चालेल. दुय्यम वाफजनित्रांच्या (भट्टीच्या उष्णतेवर टर्बाइनसाठी आणखी वाफ तयार करणाऱ्या यंत्रांच्या) नळ्या गळू लागल्याने ती वेगळी काढावी लागली आणि प्रत्येक भट्टी २१० मेगावॉटवरून १६० वर आणली गेली, तेव्हा बाहेर कोणी त्याला अपयश म्हटले की ते चिडत. भट्टीला झेपेल तेवढेच मागावे, हे त्यांचे ठाम मत होते.

एक मात्र तुझ्या पत्रात राहिले. ते तटस्थ होते असा कोणाचा समज व्हायला नको. देशाला अणुवीज हवी, असे त्यांना अखेरपर्यंत वाटत होते आणि माझ्याशी फोनवर ते त्यासाठी तावातावाने भांडत. मात्र ज्याची जमीन जायची त्याचा नकार हा अडाणीपणा नव्हे, हेही ते तितक्याच तावाने सांगत.

श्रद्धांजलीच्या सभेत मी बोलणार आहे. त्या दोन्ही वह्यांच्या पानांची छायाचित्रे काढून पाठव. सगळी जमली नाहीत तर मासळीवरच्या प्रश्नांची पाने आधी पाठव, कारण सभेला येणाऱ्या मुलांना मी तीच वाचून दाखवणार आहे. आणि तुझ्या बहिणींना सांग, की मी रविवारी फोन करीन.

तुझी,
वसाहतीतली मावशी