नाताळ असो की बोरन्हाण, बालवर्गाच्या सणात मुलांच्या हाताला काम का नाही?

चार वर्षांच्या मुलीची आई, ठाणे

परवा मुलीच्या बालवर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला. २३ तारखेला नाताळ साजरा होणार, मुलांनी सांताच्या लाल पोशाखात यावं आणि घरून 'ख्रिसमस ट्री' करून आणावं. उत्तम कलाकृतीला बक्षीस आहे.

गेल्या वर्षीही हेच होतं. ते झाड मी केलं, रात्री साडेअकरापर्यंत बसून. मुलीनं हात लावू नये म्हणून कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन गेली, दुसरं बक्षीस मिळालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता तिनं विचारलं, "आई, आता मी करू?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या नावावर बक्षीस लागलं होतं, पण तिचा खेळ अजून सुरूच व्हायचा होता.

जानेवारीत शाळेत बोरन्हाण झालं. काळे कपडे, हलव्याचे तयार दागिने, मुलं ओळीत पाटावर. डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, फोटो काढले आणि मावशींनी लगेच झाडू फिरवला. कपडे मळतील म्हणून कोणाला उठू दिलं नाही! बोरन्हाणाची सगळी गंमत त्या लुटीत असते. ओंजळ भरून घ्यायची, फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचं, शेजारच्याच्या पुढ्यातलं पटकन उचलायचं. तेवढंच नेमकं काढून टाकलं होतं.

माझं म्हणणं स्पष्ट मांडते. सण कोणताही करा. पण सहा वर्षांखालच्या मुलांसाठी घरून करून आणायच्या वस्तू, त्यांच्या स्पर्धा आणि पोशाखाची सक्ती बंद करावी. त्याऐवजी शाळेतच पुठ्ठा, माती, चिंध्या, खळ समोर ठेवावी आणि मुलं जे करतील ते होऊ द्यावं.

बालवर्गाच्या ताई

मी ठाण्याची नाही, पण तुमची तक्रार माझ्याच वर्गाबद्दल असू शकली असती, म्हणून उत्तर देते.

माझ्या वर्गात २८ मुलं, आम्ही दोन ताई आणि एक मावशी. खळ आणि रंग एकदम २८ मुलांपुढे ठेवून पाहा. एक जण खळ खातो, दुसरी शेजारणीच्या वेणीला रंग लावते आणि तिसऱ्याला त्याच क्षणी शू लागते. तरी आम्ही एका वर्षी हे केलं. मुलांनी झाडं रंगवली, कुणाचं जांभळं, कुणाचं काळं. संध्याकाळी पालकांचे फोन आले. गणवेश खराब झाला, आमच्या मुलाला झाड हिरवं असतं हे शिकवलं नाही का, एवढी फी घेऊन हे दिलंत का? पुढच्या वर्षी संस्थेनं सांगितलं की घरूनच मागवा.

आता पोशाखाबद्दल. तुम्ही त्याला खेळ मानत नाही, मी मानते. वर्गात एरवी तोंडातून शब्द न काढणारा एक मुलगा गेल्या वर्षी कापसाची दाढी लावून आला आणि अर्धा तास जाड आवाजात सगळ्यांना खडूचे तुकडे 'भेट' देत फिरला. दुसरं कोणीतरी होऊन बघणं हा या वयाचा सगळ्यात मोठा खेळ आहे. सरसकट बंदी नको.

शिफ्टमध्ये काम करणारा बाबा

धागाकर्तीशी पूर्ण असहमत. घरून करून आणायच्या वस्तू बंद करू नका, हात जोडून सांगतो.

मी आठवड्यातले चार दिवस मुलगा झोपल्यावर घरी येतो. शाळेनं आकाशकंदील करून आणायला सांगितला म्हणून आम्ही दोघं एका रविवारी पाच तास जमिनीवर बसलो. कामट्या मी बांधल्या, पतंगी कागद त्यानं फाडला. हो, कंदिलाचं बरंचसं काम माझंच होतं. पण लहानपणी मी वडिलांचा कंदील असाच बघत बघत शिकलो. सुतळीचं टोक धरून बसणं हेसुद्धा मुलाचं कामच असतं. शाळेनं सांगितलं नसतं तर तो रविवार मोबाइलमध्ये गेला असता, त्याचाही आणि माझाही.

तुम्ही झाड कपाटावर ठेवलंत, तो निर्णय तुमचा होता. शाळेनं तसं सांगितलं नव्हतं.

संक्रांतीच्या बाजूनं

मुळात बालवर्गात नाताळ कशासाठी? बर्फ, ध्रुवावरची हरणं, धुराड्यातून उतरणारा म्हातारा, यातलं काय आपल्या मुलांनी पाहिलं आहे? आपल्याकडे थंडीत तीळ आहे, हुरडा आहे, सुगडं आहेत, पतंग आहे. मातीचं सुगड मुलांना रंगवायला द्या, त्यात गाजर, ऊस, हरभऱ्याचे घाटे भरू द्या. शिकवायला आणखी काय हवं?

वसईकर

बर्फ आणि हरणांबद्दल तुमच्याशी सहमत. नाताळ 'आपल्याकडचा' नाही, याच्याशी अजिबात नाही. आमच्या घरी नाताळ पिढ्यान्‌पिढ्या होतो आणि तो आमच्या बोलीत होतो. लाल डगल्यातला सांता आमच्या आजीला माहीतच नव्हता. तिला माहीत होता तो गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा.

गोठा काय असतो ते सविस्तर सांगतो, कारण या चर्चेतला खरा खेळ मला तिथे दिसतो. डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही पोरं पसरट भांड्यात धान्य रुजत घालायचो. नाताळापर्यंत त्याची बोटभर हिरवळ व्हायची, तेच गोठ्यापुढचं शेत. डोंगरासाठी गोणपाट मातीच्या पाण्यात बुडवून दगडांवर टाकायचं. भाताचा पेंढा छपराला. आरशाचा तुकडा म्हणजे तळं. मेंढ्या कमी पडल्या तर प्लॅस्टिकची कोंबडी आणि एकदा तर माझ्या भावाचा एसटीचा डबा बेथलेहेमच्या रस्त्यावर उभा होता. कोणी मोठ्यानं तो उचलून ठेवला नाही.

गव्हाणी मात्र २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी. रोज काही चांगलं काम केलं की पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची, बाळाला मऊ लागावं म्हणून. मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, आल्यावर सगळ्यात धाकट्यानं बाळ येशू ठेवायचा. आणि बाळाला भेटायला येणारे तीन राजे? ते तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत. रोज वीतभर पुढे सरकवायचे. ६ जानेवारीला ते गोठ्याशी पोचायचे. म्हणजे मांडून झाल्यावरही खेळ बारा दिवस चालू!

पहिला गोठा संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली मांडला. त्यात खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं. लोकांनी गोष्ट डोळ्यांनी पाहावी, तिच्या जवळ जावं, हा हेतू. विकतचं तयार झाड आणि भाड्याचा पोशाख यात ते जवळ जाणं कुठे आहे? दिवाळीचा किल्ला करणाऱ्या कुठल्याही पोराला आमचा गोठा न सांगता कळेल. तेच गोणपाट, तीच माती, तीच रुजवलेली हिरवळ. आणि बाबा, तुमच्या कंदिलाच्या कामट्या आणि पतंगी कागद आमच्या चांदणीलाही तेच लागतात.

संक्रांतीच्या बाजूनं

वसईकर, हे मला माहीत नव्हतं. गोठ्याला माझा विरोध नाही, तो वर्गात मांडला तर मीही बघायला येईन. दुकानातल्या सांताला विरोध कायम.

बालरोगतज्ज्ञ, दोन नातवंडांची आजी

सगळे हौसेबद्दल बोलताहेत, म्हणून दोन गोष्टी सांगते. त्या गोड वाटणार नाहीत.

बोरन्हाण साधारण पाच वर्षांखालच्या मुलांचं करतात. नेमकं हेच वय शेंगदाणा, हरभरा, गोळी, बोराची बी श्वासनलिकेत अडकण्याचं. दाढांनी नीट चावणं अजून जमत नसतं, आणि लुटीच्या गडबडीत मूल हसत-धावत तोंडात टाकतं. धागाकर्तीला लूट हवी आहे, मलाही हवी आहे, पण दीड वर्षाच्या मुलाच्या डोक्यावर शेंगदाणे आणि गोळ्या ओतू नका. त्याला चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या पुरतात. बोरं मोठ्या भावंडांनी वेचावीत, आणि खाताना बसून खावीत.

दुसरं, सांता. एक-दोन वर्षांचं मूल अनोळखी माणसाला घाबरतं, त्यातून चेहरा दाढीनं झाकलेला. फोटोसाठी रडणारं मूल त्याच्या मांडीवर बसवू नये. ते रडतं तेव्हा 'नको' म्हणत असतं, आणि त्याचं ऐकायला हवं.

सजावटीत थर्माकोलचे मणीही नकोत. ते नाकात घातलेली मुलं मी तपासली आहेत.

निवृत्त शिक्षक, पालघर जिल्हा

साहित्य नाही, माणसं नाहीत, पालक ओरडतात, ही ताईंची अडचण खरी आहे. पण ती जुनी आहे आणि तिच्यावर काम झालेलं आहे, तेही आमच्याच जिल्ह्यात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नव्हती तेव्हा त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. महागडी शैक्षणिक साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा पानं, बिया, शंख, शिंपले, माती, काड्या हीच साधनं झाली.

आणि ताई, २८ मुलांपुढे एकदम खळ ठेवूच नये. मी सहा-सहांचे गट करायचो. एका गटापुढे माती, दुसरा बिया मांडतोय, तिसरा बाहेर पानं गोळा करतोय, चौथ्याला गोष्ट. खळ एकाच गटाकडे, आणि मी त्याच गटात बसायचो. दिवस पुरला नाही तर दुसऱ्या दिवशी. सण एका सकाळीच उरकला पाहिजे असं कोणी सांगितलं?

केंद्राचा २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडाही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळालाच मध्यभागी ठेवतो. संस्थाचालकांना आणि पालकांना तो दाखवा, तुमच्या हाताला बळ येईल.

बालवर्गाच्या ताई

सर, गटांचं पटलं. बाहेर पानं गोळा करायला अंगण मात्र नाही, आमचा वर्ग इमारतीच्या तळमजल्यावर आहे. पण फिरते गट करता येतील.

आराखडा दाखवून पालक गप्प बसतील असं मला वाटत नाही. त्यांना दुपारी फोटो हवा असतो आणि फोटोत सगळी झाडं हिरवी हवी असतात. हे आई-बाबांनीच एकमेकांना सांगायला हवं, आमचं कोणी ऐकत नाही.

चार वर्षांच्या मुलीची आई, ठाणे

सगळं दोनदा वाचलं.

बाबा, तुमचा चिमटा बसला. झाड कपाटावर मीच ठेवलं होतं. तरीही स्पर्धेबद्दल माझं मत बदललेलं नाही. बक्षीस असलं की आई-बाबांचे हात पुढे येतात. तुमचा रविवार बक्षिसाशिवायही झाला असता, शाळेनं फक्त 'मिळून काहीतरी करा' म्हटलं असतं तरी. पोशाखाच्या सक्तीऐवजी वर्गात एक पेटी असावी, जुन्या ओढण्या, टोप्या, कापूस घातलेली. ज्याला जे व्हायचं ते होऊ दे.

आज मुलीच्या शाळेत जाऊन बोलले. बक्षीस यंदा जाहीर झालं आहे, ते मागे घेता येणार नाही असं कळलं. पण २२ तारखेला दोन तास मिळाले आहेत. चार पालक मदतीला येतोय, एकेका गटामागे एक जण. वसईकर, गोठा मांडणार आहोत. आज १० तारीख, धान्य उद्या भिजत घातलं तर तोवर हिरवळ होईल का? आणि गहू घेऊ की दुसरं काही?

वसईकर

होईल. गहू घ्या, लवकर उगवतो. रात्रभर भिजवा, मग ओल्या फडक्यात मोड येऊ द्या, नंतर मातीच्या पातळ थरावर पसरा. पहिले दोन-तीन दिवस झाकून ठेवा, पुढे खिडकीत. पाणी हातानं शिंपडायचं, आणि ते काम मुलीला द्या. ती जास्त पाणी घालेल. थोडे गहू कुजतील. म्हणून दोन ताटल्या लावा.

शिफ्टमध्ये काम करणारा बाबा

२२ ला मला रात्रपाळी आहे, म्हणजे सकाळ मोकळी. ठाण्यातच राहतो. तुम्हाला पाचवा माणूस चालत असेल तर शाळेला विचारून ठेवा, कामट्या मी घेऊन येतो.