नवशिक्यांना आधी शब्द समजावायचे की सरळ वापरायला लावायचं?

निळीशाई:
कॉम्प्युटर नव्याने शिकणाऱ्याला "हे दाबा, मग ते दाबा" एवढंच शिकवतात ते मला अजिबात पटत नाही. सगळे शब्द पाठ करा असं माझं म्हणणं नाही, पण काही जोड्या अशा आहेत की त्यातला फरक कळला नाही तर थेट नुकसान होतं. रॅम आणि स्टोरेज घ्या. रॅम म्हणजे चालू कामापुरती जागा, वीज गेली की रिकामी, आणि स्टोरेजमधलं बंद केल्यावरही राहतं. सेव्ह न केलेली फाइल जाते ती यामुळेच. दहा प्रोग्रॅम एकदम उघडून मशीन स्लो झालं की लोक फोटो उडवत बसतात, आणि कमी पडत असते रॅम!

अनुभवातून:
असहमत. अहो ज्याला माऊस धरायची धास्ती वाटते त्याला पहिल्याच दिवशी रॅम सांगितलीत तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही. त्याला लेकीला व्हिडिओ कॉल लावायचाय, तो लागू दे आधी. एकदा हात बसला की माणूस आपणहून विचारतो हे काय ते काय, आणि तेव्हा सांगितलेलं लक्षात राहतं. खरी अडचण भीतीची आहे, शब्दांची नाही.

निळीशाई:
भीती आहेच, मान्य. पण सिंक (दोन्हीकडे कायम एकसारखं ठेवणं) आणि बॅकअप (वेगळी जपून ठेवलेली प्रत) यातला फरक कधी सांगणार मग? क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठ्याला, सिंक असलेला फोटो फोनमधून डिलीट केला की बहुतेक ठिकाणी क्लाउडमधूनही जातो. काही दिवस ट्रॅशमध्ये असतो, नंतर कायमचा गेला. माणूस मात्र "वर आहेत की माझे फोटो" म्हणून निश्चिंत. हे तो आपणहून विचारेल तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

तळटीप:
निळीशाईशी सहमत. माझ्या मते इंटरनेट आणि वेब वेगळे हेही सुरुवातीलाच सांगावं. इंटरनेटच्या आधीचं जाळं आर्पानेट १९६९ चं, टीसीपी/आयपी हे डेटा पाठवायचे नियम त्यावर १ जानेवारी १९८३ पासून, आणि वेबचा प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९८९ साली मांडला. म्हणजे इंटरनेट हे जाळं, वेब ही त्यावर चालणारी एक सोय, ईमेल दुसरी.

अनुभवातून:
तळटीप, हेच मी म्हणतोय! माहिती बरोबर आहे, पण पहिल्या आठवड्यात याचा कुणाला काय उपयोग? त्यापेक्षा वायफायच्या रेघा फुल्ल दिसतात म्हणजे फक्त राउटरपर्यंतचं कनेक्शन चांगलं आहे, पुढे इंटरनेट बंद असू शकतं, हे सांगा. रोज लागतं ते.

हिशेबी:
मग माझंही एक रोजचं. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि डाउनलोड सेकंदाला जेमतेम १२ एमबीने होतंय म्हणून लोक भांडतात. प्लॅनमधल्या एमबीपीएसमध्ये बिट मोजतात, फाइलच्या एमबीमध्ये बाइट, आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८, म्हणजे साडेबारा. फसवणूक नाहीये ती.

निळीशाई:
अनुभवातून, तुमचा वायफायचा मुद्दा म्हणजे पण फरक समजावणंच झालं ना? मला तेवढंच हवंय. आणि सगळ्यात आधी हवा तो वेबसाइटचा पत्ता. पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट खरी असं अजून सर्रास सांगतात. ते कुलूप एचटीटीपीएसचं, आणि एचटीटीपीएस म्हणजे तुम्ही आणि ती साइट यांच्यातला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही, बस. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसतंच. क्रोम ब्राउझरने तर २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

अनुभवातून:
हे मात्र मान्य, इथे पैशांचा प्रश्न आहे, थांबून चालणार नाही. रॅम आणि बिट-बाइट नंतरच, त्यावर मी ठाम आहे. पण नवख्या माणसाला पत्ता वाचायला शिकवायचा कसा? तो लांबलचक असतो आणि फसवणारे त्यात बँकेचं नाव घालतातच.

निळीशाई:
सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून उलटं, डावीकडे शेवटचे दोन तुकडे वाचा. "माझीबँक डॉट कॉम डॉट तपासणी डॉट नेट" असं असेल तर ती साइट "तपासणी डॉट नेट"वाल्याची, त्याच्या आधी लावलेलं बँकेचं नाव कुणीही लावू शकतं. काही देशांत शेवट दोन तुकड्यांचा असतो, तिथे एक तुकडा जास्त घ्यायचा. आणि मेसेजमधल्या लिंकवरून बँकेत जायचंच नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा, सर्चमध्ये नाही, वरच्या पट्टीत पूर्ण, कारण सर्चमध्ये पहिली दिसते ती कधीकधी जाहिरात असते.

अनुभवातून:
ठीक. व्हिडिओ कॉल पहिल्या दिवशी, हे दुसऱ्या दिवशी.