लेकीबरोबर एमी वाइनहाउसवरचा माहितीपट बघावा का?

रेवाची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी लेक नववीत आहे. आठ वर्षांची असल्यापासून गाणं शिकते. गेले दोन महिने तिला एमी वाइनहाउस या इंग्रज गायिकेचं वेड लागलंय. न्हाणीघरात बादली भरून वाहायला लागली तरी हिचं गाणं संपत नाही. सगळं इंग्रजी तिला कळतं असं नाही. पण एमी शब्द जिथे ओढते, तालाच्या किंचित मागे रेंगाळते आणि मग अलगद समेवर येऊन बसते, ते हिने बरोब्बर उचललंय. परवा क्लासमध्ये ठुमरी म्हणताना तशीच मागे राहिली. बाई रागावतील असं मला वाटलं होतं, तर त्यांनी विचारलं, "हे कुणाचं ऐकतेस गं?"

मी स्वतः एमीला पहिल्यांदा ऐकलं 2008 साली, कंपनीच्या बसमध्ये. शेजारच्या मैत्रिणीने एक इअरफोन माझ्या कानात घातला. मला वाटलं, पन्नाशीची, आयुष्य रात्रीच्या क्लबांमध्ये गाण्यात गेलेली कुणी अमेरिकन बाई असेल. मैत्रीण म्हणाली, "अगं, चोवीस वर्षांची पोरगी आहे, लंडनची. बाप टॅक्सी चालवतो."

आता रेवाला आसिफ कपाडियांचा 2015 चा तिच्यावरचा माहितीपट 'एमी' बघायचाय. ब्रिटनमध्ये त्याला 15 वर्षांवरचं प्रमाणपत्र आहे, रेवा चौदाची. पण वयाचं मी बघून घेईन. माझी अडचण वेगळी आहे.

माझा मामा ऑर्केस्ट्रात गायचा. गळा असा की मांडवामागे भांडी घासणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायच्या. हळदीच्या रात्री लोक त्याच्या हातात ग्लास द्यायचे. "घे रे अजून एक, पण ते गाणं म्हणच." शेवटच्या वर्षी एका लग्नात तो अंतऱ्याचे शब्द विसरला. माइक धरून नुसता उभा राहिला. लोक हसले आणि पुढच्या रांगेतल्या एकाने मोबाइल काढून शूटिंग केलं. मामा एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. मी त्याचं ते शूटिंग कधी बघितलेलं नाही आणि बघणारही नाही.

म्हणून विचारते, ज्यांनी 'एमी' पाहिलाय त्यांनी सांगा. त्यात तिचं गाणं दिसतं, की तिचं कोसळणंच दिसतं?

सहावी_तार

ताई, मामांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी गिटार वाजवतो, हा माहितीपट तीनदा पाहिलाय. दोन्ही दिसतं. पण सुरुवातीचा निम्मा भाग गाण्याचाच आहे, आणि तो प्रत्येक शिकणाऱ्या मुलाने बघावा.

सुरुवात होते 1998 च्या एका घरगुती चित्रफितीने. मैत्रिणीचा वाढदिवस, चॉकलेट खाणाऱ्या पोरी, आणि त्यातली एक वाढदिवसाचं गाणं असं म्हणते की अंगावर काटा येतो. कपाडियांनी खुर्चीत बसून बोलणारी माणसं जवळजवळ कुठेच दाखवलेली नाहीत. मित्रमैत्रिणींचे, वादकांचे नुसते आवाज ऐकू येतात आणि पडद्यावर जुनी दृश्यं चालू राहतात. गाणी सुरू झाली की शब्द पडद्यावर उमटतात. हिने स्वतःच्या आयुष्यातलं काय कुठे ठेवलंय ते तेव्हा कळतं. ती आपली गाणी आपणच लिहायची हे अनेकांना माहीत नसतं.

एक प्रसंग रेवाला थांबवून दाखवा. 2006 च्या अल्बमचं ध्वनिमुद्रण चालू आहे, निर्माता मार्क रॉन्सन. एमी हेडफोन लावून गाते आहे. मागचं संगीत हळूहळू काढून घेतलंय आणि उरतो फक्त तिचा आवाज. श्वास कुठे घेतला, शब्दाचा शेवट कुठे सोडला, सगळं उघडं. गाणं संपल्यावर ती साधेपणाने म्हणते की शेवट जरा वाईट वाटायला लावतो, नाही का. जणू ते दुसऱ्याच कुणाचं गाणं आहे.

आणि टोनी बेनेट, तिचे लाडके बुजुर्ग अमेरिकन जॅझ गायक! 2008 च्या ग्रॅमीच्या रात्री ती लंडनमध्ये होती, उपग्रहावरून जोडलेली. पडद्यावर बेनेट आले तेव्हा तिचं तोंड बघा. त्या रात्री तिला पाच ग्रॅमी मिळाली, पण तिचा आनंद खरा तिथे दिसतो. 2011 च्या मार्चमध्ये ॲबी रोड स्टुडिओत ती त्यांच्याबरोबर गायली. इतकी घाबरलेली की मध्येच थांबते, माफी मागते. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस तिला ज्या मायेने सांभाळून घेतो, तसा गुरू प्रत्येकाला मिळो.

कपाडियांचं कुटुंब मूळचं गुजराती, ते स्वतः लंडनमध्ये वाढलेले. इरफान खानचा 'द वॉरियर' त्यांचाच.

हॅरोचा_पाऊस

उत्तरार्धाबद्दल मी सांगते, कारण तो मला सोसला नाही. छायाचित्रकार घराबाहेर टपून असतात, ती दार उघडते आणि फ्लॅश उडायला लागतात. थिएटरात मी डोळे मिटून घेतले होते. जून 2011 मधला बेलग्रेडचा कार्यक्रमही त्यात आहे, ज्यात ती गाऊच शकली नाही आणि लोकांनी हुर्यो केली. ताई, तुमच्या मामांच्या मांडवासारखंच आहे ते. तुम्हाला आधी माहीत असावं म्हणून लिहिते.

तिच्या घरच्यांना हा माहितीपट आवडला नव्हता. वडील मिच यांचं म्हणणं होतं की काटछाट करून त्यांना वाईट दाखवलंय. 2021 मध्ये, तिला जाऊन दहा वर्षं झाली तेव्हा, बीबीसीने आई जॅनिस यांच्या बाजूने एक माहितीपट केला. त्या माउलीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, आठवणी हातून निसटत चालल्यात, आणि ती लेकीच्या आठवणी गोळा करते आहे. माझ्या मते दोन्ही बघितल्याशिवाय कुणाला दोषी ठरवू नये.

पण रेवासाठी माझं उत्तर तिसरंच आहे. डिसेंबर 2006 मध्ये एमी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला डिंगल नावाच्या लहानशा गावात गायली होती. सेंट जेम्स चर्च, समोर ऐंशीएक माणसं, साथीला फक्त एक गिटार आणि एक बास. गिटारवर रॉबिन बॅनर्जी. बीबीसीच्या 'अरेना' मालिकेत 2012 मध्ये त्यावर तासाभराचा माहितीपट आला. त्यात ती महालिया जॅक्सन, रे चार्ल्स, शांग्री-लाज या जुन्या अमेरिकन गायक-गायिकांबद्दल बोलते. आपला एखादा गवय्या घराण्यातल्या बुजुर्गांबद्दल कान पकडून बोलेल ना, तशी. श्रद्धांजली म्हणावी तर ती ही. आधी हाच दाखवा.

मी कधी लंडनमधल्या कॅम्डन स्क्वेअरवरून जाते. तिथेच 23 जुलै 2011 ला ती गेली, सत्तावीस वर्षांची. समोरच्या झाडांना लोक अजून चिठ्ठ्या बांधतात. एकदा एका चिठ्ठीखाली लहान मुलाच्या अक्षरात नुसतं 'थँक्यू' होतं.

नाइट_ड्यूटी

मी नर्स आहे, तेवढ्यापुरतंच बोलते. चौदा वर्षांच्या मुलीला हे दाखवताना एक गोष्ट नीट सांगा. एमी अमली पदार्थांनी गेली असं लोक सर्रास म्हणतात. ती दारूने गेली. चौकशीत रक्तातलं प्रमाण 100 मिलिलिटरमागे 416 मिलिग्रॅम निघालं. इंग्लंडमध्ये गाडी चालवायची मर्यादा 80 आहे. काही काळ बंद ठेवून मग तिने परत घेतली होती. मधल्या काळात शरीराची सवय मोडते आणि जुन्या मापाने घेतली की श्वासच थांबतो. आमच्या वॉर्डात हे दिसतं. घरचे म्हणतात, "अहो, सोडली होती ना त्याने!"

दुसरं, खाऊन उलटी काढण्याचा आजार तिला किशोरवयापासून होता. माहितीपटात ते येतं, पटकन निघून जातं. तिथे थांबा. मुली ह्याबद्दल आपणहून बोलत नाहीत.

रेवाची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे शनिवारी डिंगल बघितला, रविवारी 'एमी'.

डिंगलला रेवा जमिनीवर बसून, मांडीवर बोटांनी ताल धरून बघत होती. 'एमी'मध्ये ॲबी रोडचा प्रसंग आला तेव्हा तिने दोनदा मागे नेऊन बघितला. म्हणाली, "आई, एवढी मोठी गायिका पण घाबरते." बेलग्रेड आलं तेव्हा मी रिमोट शोधायला लागले. तिने माझा हात धरला आणि पुढे ढकलू दिलं नाही. आम्ही दोघींनी ते पूर्ण बघितलं. नाइट_ड्यूटी, तुम्ही म्हणालात तिथे थांबले. वर्गातल्या एका मुलीबद्दल तिने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, पण तिच्या आईशी मी बोलले.

मग मी तिला मामाचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिने विचारलं, त्याचा आवाज आहे का कुठे? आहे. माळ्यावर एक कॅसेट आहे, 1994 च्या गणेशोत्सवातली, त्याच्याच अक्षरात गाण्यांची यादी लिहिलेली. फीत एका जागी चुरगळली आहे आणि घरातला टेपरेकॉर्डर कधीच बंद पडलाय. नाशिकमध्ये कॅसेटवरून काळजीपूर्वक उतरवून देणारं कुणी माहीत असेल तर कळवा. फीत एकच आहे, कुरिअरने पाठवायची नाहीये, मी स्वतः घेऊन जाईन.