‘डूलाली’ म्हणजे वेडा: देवळालीची बदनामी की उगाच कांगावा?

लॅमरोडकर
भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याच्या ऑफिसातली एक बाई प्रिंटर अडकला की म्हणते, "आता मी डूलाली होणार." म्हणजे वेडी होणार. ह्याने तिला सांगितलं, बाई गं, ते माझ्या आजोळचं नाव आहे. तिला वाटलं, थापा मारतोय.

थाप नाही. १८६१ साली आमच्या देवळालीला गोऱ्या फौजेची छावणी झाली. विलायतेहून नवे आलेले शिपाई इथे ठेवत आणि मुदत संपलेले परतीच्या बोटीची वाट बघत इथेच पडून असत. त्यांच्या बोलीत ‘डूलाली टॅप’ हा शब्द आला. १९२५च्या सैनिकी शब्दांच्या कोशात तो छापलेला आहे. पुढे ‘टॅप’ गळून पडलं, ‘डूलाली’ उरलं.

मुंबईची माणसं हवा पालटायला जिथे येतात, त्या गावाचं नाव वेडेपणाला? नाशिककरांनी याचा निषेध करायला हवा. काय म्हणता?

खाडीकाठचा
करा की निषेध, पण मग आपल्यापासून सुरुवात करा. मी ठाण्याचा. पुण्यात कॉलेजला गेलो तेव्हा गाव सांगितलं की पहिला प्रश्न, "कधी सुटलास?" आणि विचारणारे कोण, तर येरवडावाले! आपण ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ म्हणतो तेव्हा ठाणेकरांची परवानगी घेतो का?

लॅमरोडकर
ठाण्याला, येरवड्याला वेड्यांची इस्पितळं आहेत, म्हणून ते बोलणं आलं. आमच्याकडे काय होतं? छावणी, आणि नंतर तोफखान्याचं स्कूल. इंग्रजीत मात्र ठोकून देतात की देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं, त्यावरून शब्द आला.

जुनं_पान
इस्पितळाची गोष्ट बाजूला ठेवा, तिच्यावाचूनही शब्दाचा उलगडा होतो. फ्रँक रिचर्ड्स नावाचा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता, त्याच्या आठवणी १९३६ साली छापून आल्या. तो सांगतो ते असं: फौजेच्या बोटी साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच चालत. ज्याची मुदत मार्चनंतर भरली, त्याने पुढचा हंगाम उजाडेपर्यंत बसून राहायचं. हत्यारं जमा केलेली, काम जवळजवळ नाही. अधूनमधून सामानाची तपासणी, क्वचित एखादी पायपीट. वर्षानुवर्षं ज्याच्याविरुद्ध एक तक्रार नाही असा माणूस इथे येऊन बिघडायचा, तुरुंगात जायचा. मग बाकीचे म्हणायचे, ह्याला डूलाली टॅप झालाय.

म्हणजे वेड गावाच्या हवेचं नव्हे, रिकाम्या बसण्याचं. ती छावणी मनमाडला असती तर इंग्रज आज ‘मनमाड’ झाले असते. निषेध कसला करताय?

शब्दखोर
आणि ‘टॅप’ म्हणजे आपला अस्सल मराठी ताप! या अर्थाने इंग्रजीला मराठीने दिलेला शब्द आहे हा. पेढे वाटा.

बाराखडी
थांबा, पेढे परत डब्यात. पलटणीत मराठी नाही, हिंदुस्तानी चालायची, आणि तीत तापाला ‘तप’ म्हणतात, फारसीवरून आलेला. हिंदीत क्षयाला ‘तपेदिक’ म्हणतात त्यातला तोच तप. गोऱ्याने तो घेतला आणि ‘टॅप’ केला. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण असा ओढून आणलेला नको.

शब्दखोर
फारसी तप आणि संस्कृत ताप एकाच मुळाचे. चुलत भाऊ.

बाराखडी
चुलतभावाच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागत नाही.

शब्दखोर
मान्य. पण ‘डोक्याला ताप’ हे आपण म्हणतो ना? कुणी काहीही म्हणो, ‘डूलाली टॅप’चं याहून नेमकं भाषांतर करून दाखवा.

कोथरूडची_काकू
इकडे मुंबईत ‘डूलाली टॅपरूम’ नावाने बिअर विकतात, मुलं पैसे मोजून जातात. माझा मुलगा कितीदा जाऊन आला, नाव देवळालीचं आहे हे त्याला काल मी सांगितलं. बदनामी ज्याच्या कानावर पडतच नाही, त्याला ती लागणार कशी?

लॅमरोडकर
काकू, तुमचा मुलगा पुण्याचा. आम्हाला लागते.

वालदेवी
मी देवळाली गावातला. बदनामी झालीच असेल तर कॅम्पाची, आम्हाला त्यात ओढू नका. आम्ही नाशिकरोडला, तुम्ही पलीकडे. रिक्षात बसून नुसतं देवळाली म्हटलं तर आजही रिक्षावाला मागे वळून विचारतो, "गाव का कॅम्प?" गोऱ्यांना ‘ळ’ जमला नाही, त्यांना हा फरक काय कळणार!

लॅमरोडकर
बरं, कॅम्पाची. निषेधाचं जाऊ द्या, तुमच्यात कुणी साथ देईलसं दिसत नाही. भाच्याने त्या बाईला आमच्या स्टेशनच्या पाटीचा फोटो दाखवला. तिने नीट झूम करून वाचला आणि म्हणाली, स्पेलिंग चुकलंय.