मदत हवी आहे: इंदूरमध्ये राहत्या घरात समुपदेशन सुरू करावं का?

नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. मानसशास्त्रात एम.ए., मग समुपदेशनाची पदविका आणि एका शाळेत ९ वर्षं समुपदेशक. मार्चमध्ये नोकरी सोडली. आता स्वतःचं काम सुरू करायचंय, पण जागेपाशी अडले आहे.

नोकरी का सोडली ते आधी सांगते, कारण प्रश्न त्यातूनच आलाय. शाळेत मला खोली नव्हती. वाचनालयाच्या कोपऱ्यात कपाट आडवं लावून जागा केली होती. नववीतल्या एका मुलीने तिथे मला घरातलं काही सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये चहाबरोबर निघालं. कपाटापलीकडे कोणीतरी वह्या तपासत बसलं होतं. ती मुलगी पुन्हा माझ्याकडे आली नाही. जिन्यात दिसली की खाली मान घालून जायची. २ वर्षं झाली, अजून डाचतं.

आता घराचं. वरच्या मजल्यावरची पुढची खोली रिकामी आहे, भाड्याचा प्रश्न नाही. पण जिना अंगणातून चढतो आणि अंगणात सासूबाईंची खुर्ची असते. फार मायाळू आहेत त्या, पण आल्यागेल्याला "तुम्ही कोणाकडचे?" विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. आणि इथलं मराठी जग केवढंसं! रामबाग, राजेंद्र नगर, सुदामा नगर, कुठलंही आडनाव काढा, तिसऱ्या वाक्याला नातं निघतं. जी बाई मंगळवारी माझ्यासमोर नवऱ्याबद्दल सांगताना रडली, तिच्याच शेजारी मी शनिवारी हळदीकुंकवाला बसणार. तिला घास गिळवेल का?

दुसरी जागा भंवरकुआंजवळ आहे. एका डॉक्टरांच्या दवाखान्यातली आतली खोली, आठवड्यातून ३ संध्याकाळी, महिना ६ हजार. त्या भागात एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणारी बाहेरगावची मुलं राहतात. कोणी कोणाच्या ओळखीचं नाही, आणि दोनदा-तीनदा निकालात नाव न आलेल्या मुलाला बोलायला माणूस हवं असतं हे मी जवळून पाहिलंय. पण घरून येणाऱ्या पैशांत खोली, मेस आणि कोचिंग भागवणारा मुलगा मला फी काय देणार?

कागदपत्रांचं बरंचसं समजलंय. गुमास्ता (दुकाने-आस्थापना नोंदणी) करून घेणार आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी नसल्यामुळे पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिता येत नाही, म्हणून फक्त 'समुपदेशक' लिहीन. औषधाची गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं, त्यासाठी दोघांशी बोलून ठेवलंय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लावणार, कारण रात्री दोनला मी फोन उचलेनच असं नाही. सहमतीपत्र मात्र चार वेळा लिहून खोडलं. "तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही" असं सरळ लिहिता येत नाही. लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे मुलांना पहिल्याच भेटीत, न घाबरवता कसं सांगता?

ज्यांनी अशी सुरुवात केली आहे त्यांनी कृपया सांगा: घर की दवाखाना? ओळखीच्या माणसांना घ्यायचं का? फी कशी ठरवली? आणि एकटीने काम करताना सुपरव्हिजनचं, म्हणजे आपलं काम अनुभवी समुपदेशकापुढे मांडून तपासून घेण्याचं, काय करता?

प्रतिसाद (बडोद्याहून)

ताई, मी दांडिया बाजारात ११ वर्षं घरातूनच काम करते. दार वेगळं असेल तरच घरात सुरू करा. सासूबाईंना समजावून भागणार नाही. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, तरी येणाऱ्याला त्यांची नजर कळतेच. दोन भेटींमध्ये २० मिनिटं सोडा, म्हणजे उतरणारा आणि चढणारा समोरासमोर येत नाहीत. दाराबाहेर जुना टेबल फॅन लावा, त्याच्या घरघरीत आतलं बोलणं ऐकू येत नाही.

हळदीकुंकवाचं मी पहिल्या भेटीतच बोलून घेते: "बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर नमस्कार करीन, त्यापुढे काही नाही." हे ऐकल्यावर बायकांचे खांदे खाली येतात. नात्यातल्यांना आणि मैत्रिणींना मात्र घेऊ नका, कितीही गळ घातली तरी. दुसऱ्या कोणाचं नाव द्या. माझ्या एका मावसबहिणीला मी 'एकदाच' म्हणून घेतलं होतं. आज आमच्यात धड नातंही उरलं नाही आणि तिला मदतही झाली नाही.

फी सगळ्यांना एकच सांगते. आठवड्यातल्या २ वेळा कमी फीच्या, त्या भरल्या की भरल्या. सुपरव्हिजन महिन्यातून दोनदा, ऑनलाइन. ते पैसे खोलीच्या भाड्याइतकेच जरुरीचे समजा.

धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. तुमचं वाचून घरामागच्या बोळात जाऊन उभी राहिले. तिथे एक दार आहे, वर्षानुवर्षं कडी लागलेलं, आणि वर चढायला लोखंडी जिना बसेल इतकी जागा. उद्या वेल्डरला बोलावलंय. जिना होईपर्यंत भंवरकुआंची खोली घेते. मुलांसाठी कमी फीच्या २ वेळा तिथे पुरणार नाहीत असं वाटतंय. कोणी विद्यार्थ्यांबरोबर काम केलं असेल तर जरूर लिहा.