प्रादेशिक लेदर टायटलला उभं राहावं का? माझं मत: नको

पोटोमॅककाठचा
अमेरिकेतल्या एका मित्राला इथले लेदर बारवाले गळ घालतायत, यंदा आमच्यातर्फे उभा राहा म्हणून. आधी बारचं टायटल, मग प्रादेशिक, आणि जमलंच तर मेअखेरीस शिकागोत इंटरनॅशनल मिस्टर लेदर, म्हणजे आयएमएल. पोरगा आपलाच, सोलापूरचा. मला विचारलं, मी सरळ नको म्हणालो. इथे लिहितोय कारण सॅशवाल्या (विजेत्याचा पट्टा घातलेल्या) फोटोंना सगळे बदाम देतात, हिशोब कोणी मांडत नाही.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेदर म्हणजे गे पुरुषांमधली कातडी पोशाखाची हौस असलेली ही जुनी मंडळी, मोटरसायकल क्लबांतून वाढलेली. लॉस एंजेलिसचा सॅटर्स क्लब 1954 चा. शिकागोत चक रेन्स्लो यांच्या गोल्ड कोस्ट बारमध्ये 'मिस्टर गोल्ड कोस्ट' निवडायचे. ती गर्दी बारमध्ये मावेना, तेव्हा 1979 मध्ये आयएमएल सुरू झालं. आता ठिकठिकाणचे बार आणि क्लब आपापला माणूस तिथे पाठवतात.

जिंकलात की गळ्यात कातडी सॅश पडते आणि तुमचे वर्षभराचे शनिवार-रविवार जातात. शेजारच्या प्रत्येक शहरातल्या स्पर्धेला हजेरी, परीक्षक म्हणून बसायचं, रात्री एक वाजता जेलो शॉट्सचा (दारू घातलेल्या जेलीच्या पेल्यांचा) ट्रे घेऊन गर्दीतून फिरायचं, लॉटरीची तिकिटं खपवायची. सॅशचे खिळे गळ्याखालच्या हाडावर टोचत असतात आणि तोंड हसरं ठेवावं लागतं. प्रवास निधी असतो म्हणतात. असतो, दोन-चार विमान तिकिटांत संपतो. पुढचं सगळं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर. त्यात हा पोरगा एच-वन-बी व्हिसावर, रजा मोजून मिळते. घरी अजून सांगितलेलं नाही, आणि टायटलचा फोटो नावासकट नेटवर कायमचा राहतो.

रॉजर्स पार्कवाला
खर्चाचं सगळं खरं आहे. पण तुम्ही ते असं मांडलंय जणू हौशी पोरांना फॅशन शोची खाज आहे.

आयएमएल सुरू झाल्यावर दोन वर्षांत एड्स आला. कित्येक अंत्यसंस्कारवाले मृतदेहाला हात लावायला तयार नव्हते, सरकार गप्प. तेव्हा औषधाला, घरभाड्याला, जेवणाच्या डब्यांना पैसे कुठून आले? याच बारमधून, रोख. अनोळखी माणसापुढे हात पसरायचा हक्क त्या सॅशने दिला. तुमचा जेलो शॉट्सचा ट्रे त्याच परंपरेतला आहे. आणि हे नुसत्या फोटो-बदामांपुरतं नाही, आमच्या भागात लेदर आर्काइव्ह्ज अँड म्युझियम आहे, 1991 साली रेन्स्लो आणि टोनी डीब्लेझ यांनी उभं केलेलं. येऊन बघा. लेदरचा झेंडाही डीब्लेझ यांचाच, 1989 च्या आयएमएलमध्ये पहिल्यांदा दाखवला.

पोटोमॅककाठचा
इतिहासाबद्दल वाद नाही. पण आज एचआयव्हीसाठी पगारी माणसं असलेल्या संस्था आहेत, अनुदानं आहेत. पाचशे डॉलर जमवायला आठशे डॉलरचा प्रवास करणारा माणूस मी स्वतः पाहिलाय. त्याने घरी बसून चेक लिहिला असता तर संस्थेला जास्त मिळाले असते.

सदाशिवपेठेबाहेरचा
मी पुण्यात, लेदरशी संबंध चपलेपुरता 😄 म्हणून बाहेरून विचारतो. आमच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष वर्गणी गोळा करतो, मिरवतो, सगळं करतो, पण विसर्जनानंतर जमाखर्च फळ्यावर लागतो. नाही लागला तर पुढच्या वर्षी कोणी दार उघडत नाही. तुमच्याकडे लागतो का?

रॉजर्स पार्कवाला
काही ठिकाणी लागतो. स्टेजवर मोठा चेक देतात, आकडा सगळ्यांसमोर वाचतात. काही ठिकाणी 'चांगलं कलेक्शन झालं' एवढंच. तिथे पुढच्या वर्षी लोक खिशात हात घालत नाहीत, तुमच्या दारांसारखंच.

बूटपॉलिशप्रेमी
मला वाटतं भांडण चुकीच्या टायटलवर चाललंय. आयएमएलच्याच वीकेंडला 1993 पासून इंटरनॅशनल मिस्टर बूटब्लॅक असतो. तो खुर्चीपाशी बसून तासन् तास लोकांचे बूट चमकवतो. बोटं काळी, पाठ मोडलेली. गप्पा मारायला, नव्या माणसाला धीर द्यायला त्याच्याइतका कोणी भेटत नाही. सोलापूरच्या पोराला तिकडे पाठवा, भाषणाची तयारी तरी वाचेल.

नागपूर ते न्यू मेक्सिको
रंगाचं कोणी बोललंच नाही, कमाल आहे. मी पहिल्यांदा लेदर बारमध्ये गेलो तेव्हा सगळ्यांनी मला टॅक्सीवाला समजून वाट दिली. 1984 मध्ये रॉन मूर जिंकले, पहिले कृष्णवर्णीय आयएमएल. 1995 मध्ये शिकागोत गोरे नसलेल्या पुरुषांनी ऑनिक्स हा स्वतःचा क्लब काढला, उगाच नाही काढला. 2010 चा विजेता टायलर मॅककॉर्मिक, ट्रान्स पुरुष आणि व्हीलचेअरवर. आता एखादा देशी चेहरा प्रादेशिक सॅश घालून उभा राहिला तर दाराशी घुटमळणारा पुढचा पोरगा आत येईल. याची किंमत तुमच्या चेकमध्ये बसत नाही, पोटोमॅकभाऊ.

आणि घरच्यांचं म्हणाल तर सुशांत दिवगीकर 2014 मध्ये मिस्टर गे इंडिया झाले, तेव्हा सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा लागू करून वर्षही झालं नव्हतं.

पोटोमॅककाठचा
त्यांचं घर त्यांच्या पाठीशी होतं. याच्या आईला हे शेजारणीच्या व्हॉट्सॲपवरून कळावं असं मला वाटत नाही. चेहरा दिसायला हवा, हे मान्य. पण दरवेळी तो चेहरा आपल्यातल्या सगळ्यात तरुण, व्हिसावर लटकलेल्या माणसाचाच का? ग्रीन कार्डवाले, स्वतःच्या घरात राहणारे, चाळिशीतले आपण काय करतोय? टाळ्या.

शिवाय वर्षभर म्हणतात तेही नक्की नसतं. 2019 चे आयएमएल विजेते जॅक थॉम्पसन. कोविडमुळे 2020 आणि 2021 ची स्पर्धाच झाली नाही, 2022 पर्यंत सॅश त्यांच्याच गळ्यात.

रॉजर्स पार्कवाला
महामारी धरून हिशोब करायचा तर लग्नसुद्धा करू नये.

एक सुचवतो. बारवाल्यांना आधीच विचारा: वर्षात किती ठिकाणी जाणं बंधनकारक, कोणते खर्च बार देणार, नोकरी किंवा व्हिसाची अडचण आली तर सॅश परत करता येईल का. स्टेजसाठी टोपणनाव चालेल का तेही. पुष्कळ जण टोपणनावानेच वावरतात. उत्तरं लिहून घ्या.

सदाशिवपेठेबाहेरचा
म्हणजे शेवटी उभं राहा असंच ठरलं की.

पोटोमॅककाठचा
नाही. ते लिहून देणार नाहीत, हे मला माहितेय.

रॉजर्स पार्कवाला
आमच्याकडे दिलंय. नमुना पाठवू?